दोन रिंगांची पोच

फोनची तिसरी रिंग मी अजूनही वाजू देत नाही. हसू नका. नगरच्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, दिवसभर फोन उचलणं हेच माझं काम, आणि मी तो पहिल्याच रिंगेला उचलते. डॉक्टर कौतुक करतात, काय तत्पर बाई आहे म्हणून. तत्पर कसली डोंबलाची. तिसरी वाजायच्या आत मला त्याला गप्प करायचं असतं, एवढंच.

कारण आमच्या घरात फोन उचलण्यासाठी नव्हताच मुळी. आमचं गाव मिरजगावपासून आत, कोरडवाहू पट्ट्यात. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर निघून जायचं. माझे वडील ट्रक चालवायचे, टोळ्या भरून कारखान्यावर नेऊन सोडायचे आणि हंगाम संपला की परत आणायचे. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. मुकादमांशी बोलायला लागतं म्हणून गावातला पहिला फोन त्यांनी आमच्या घरात घेतला. पण तिकडून बोलायचं तर बूथवर मिनिटाला पैसे पडायचे, आणि ते कुणाला परवडत होते? म्हणून गावानं आपली एक रीत पाडली. कारखान्यावर पोचलं की आमच्या घरी फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. इकडे कुणी उचलायचा नाही. दोन वाजून थांबल्या म्हणजे माणसं सुखरूप पोचली. ह्याला सगळे पोच म्हणायचे.

कुठली टोळी पोचली, हे आई वेळेवरून ताडायची. सकाळी कोण निघालं, गाडीला किती वेळ लागतो, सगळं तिच्या डोक्यात. मग पदर खोचून ती त्या घरी जाऊन सांगायची, "पोचली गं तुजी मान्सं." बस, एवढंच. कुठं उतरली, काय खाल्लं, झोपडीवर घालायला उसाचं पाचट मिळालं का, ह्यातलं काही त्या दोन रिंगांत नसायचं आणि कुणी विचारायचंही नाही.

आणि तिसरी वाजली तर मात्र धावत जाऊन उचलायचा. तिसरी म्हणजे काहीतरी झालंय. कुणाला साप चावला, कुणाची ट्रॉली उलटली. लहानपणी मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि दुसरी रिंग संपल्यावर जी शांतता पडायची ना, त्या शांततेत मला दरदरून घाम यायचा. ती दोन रिंगांमधली नेहमीचीच शांतता आहे, की आता खरंच थांबला, हे कळायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ घरात कुणी श्वास घ्यायचं नाही.

आता त्या तारेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच लटकलेलं आहे. रस्त्यावरच्या खांबावरून एक काळी तार आमच्या अंगणावरून घरात आली होती. पुढे ती लोंबायला लागली म्हणून लाईनमननं तिच्या वरून दुसरी नवी ओढली. जुनी काढून नेणं हे त्याच्या जिवावर आलं असावं. ती खांबाला तशीच जोडलेली राहिली आणि तिचं अलीकडचं टोक आईनं पडवीच्या डांबाला गच्च बांधून टाकलं. झाली धुणं वाळत घालायची दोरी. आमच्याकडे कुठलीच वस्तू वाया जात नाही.

उन्हानं त्या तारेवरचं प्लॅस्टिक ठिकठिकाणी तडकलं आणि आतला धातू उघडा पडला. एक दिवस आई ओलं लुगडं टाकत होती आणि घरात फोन वाजला. आईनं हात झटकला. मुंग्या आल्या म्हणाली, कोपरापर्यंत. लाईनमन आला तेव्हा तिनं त्याला झापलं. तो म्हणाला, मावशी, तारेत एरवी थोडाच करंट असतो, पण घंटी वाजवायला एक्स्चेंज जोराचा सोडतं, तो तुम्हाला लागला. उद्या काढून टाकतो. त्याचा उद्या काही उजाडला नाही. आणि आईलाही नंतर त्याचं काही वाटेनासं झालं. उलट सोय झाली. अंगणात असली तरी तिला कळायचं. दोन झटके आणि मग काही नाही, की ती लुगड्याची घडी सरळ करत म्हणायची, "पोचले."

मी कॉलेजला होते तेव्हा तात्या एका सकाळी नेहमीसारखे निघाले. गाडी रिकामी होती, कारखान्यावरून एका टोळीला आणायचं होतं. आईनं डबा दिला. संध्याकाळपर्यंत पोच यायला हवी होती. आली नाही. तिसरी रिंगही आली नाही. फोन वाजलाच नाही.

ट्रक सापडला. एका ढाब्याच्या बाजूला नीट लावलेला, दारं बंद. डबा खाल्लेला आणि धुऊन पालथा घातलेला. आणि ड्रायव्हरच्या दाराखाली, मातीत, तात्यांच्या चपला शेजारीशेजारी काढून ठेवलेल्या, घराच्या उंबऱ्याशी काढतात तशा. माणूस तेवढा नव्हता. ढाब्यावर कुणी पाहिलं नव्हतं, विहिरी पाहिल्या, पोलिसांनी कागद केले. कुणीतरी सांगितलं शिर्डीत बघा, घर सोडलेली माणसं तिथं जाऊन बसतात. मग आई आणि मी शिर्डीला गेलो. लोक दर्शनाच्या रांगेत आणि आम्ही दोघी बाहेर बसलेल्यांची तोंडं बघत हिंडतोय. आई प्रत्येकापुढे वाकून बघायची. एकजण तिला म्हणाला, बाई, मी नाही तो. तिनं न विचारताच म्हणाला. त्याचं ते बोलणं मला अजून आठवतं आणि अजून आवडत नाही.

पुढं वर्षं गेली. भावकीतले म्हणायला लागले, आता काय ते विधी करून टाका, जीव अडकून राहतो. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "वाटंतल्या मान्साचं कुनी श्राद्ध घालतं व्हय? पोच आली न्हाई म्हंजी पोचले न्हाईत. वाटंत हायेत." पुन्हा कुणाची विषय काढायची छाती झाली नाही. तिचं मंगळसूत्र गळ्यात राहिलं, कुंकू कपाळाला राहिलं, आणि फोन क्रोशाच्या रुमालाखाली कोनाड्यात राहिला.

मला खरं सांगू का, त्या फोनचा राग यायचा. तात्यांचाही यायचा. गेला असाल तर गेलात म्हणून कळवा, पळाला असाल तर पळालात म्हणून कळवा. दोन रिंगा द्यायला काय जातं माणसाचं? मी लग्न होऊन नगरजवळ केडगावला आले, तरी घरी पोचल्यावर आईला दोन रिंगा द्यायचे आणि देताना दरवेळी हा राग वर यायचा. आमचे हे चिडवायचे, अगं आता मोबाईलवर बोलणं फुकट आहे, बोल की दोन शब्द. त्यांना काय कळणार. आमच्याकडे बोलायला लागणं म्हणजे वाईट बातमी.

मग गावाजवळच्या माळावर टॉवर उभा राहिला. टोळ्यांच्या हातात मोबाईल आले, पोरं थेट फडातून व्हिडिओ लावायला लागली, आपली आई कोयता कसा चालवते ते गावातल्या आजीला दाखवायला लागली. आमच्या फोनची खरखर वाढत गेली. मध्येच बीडकडचं कुणाचं तरी बोलणं ऐकू यायचं, बायका हसायच्या, कुणीतरी कुणाला शेळीचा भाव विचारायचं. मग तेही थांबलं. एक्स्चेंजची खोली बंद झाली, तिच्या पायरीवर शेळ्या बसायला लागल्या. आता तिथून रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून काळ्या पाइपातून दुसरीच कसली केबल गेली आहे. तिच्यात उजेड धावतो म्हणे. त्या उजेडाला हात लावून कुणाच्या हाताला मुंग्या येत नाहीत.

आईला मी सांगितलं, फोन बंद पडलाय. रिसीव्हर तिच्या कानाला लावला. पण तोवर तिला ऐकूच कमी यायला लागलं होतं. "मला तसा बी ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "तार हाय की." पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून ती रोज धुणं वाळत घातल्यावर तिथंच थांबायची. एक हात तारेवर ठेवून, मान जराशी वाकडी करून. डोक्यावर ऊन, अंगणात कोंबड्या, आणि ती उभी. मी माहेरी गेले की आत भाकरी थापता थापता दारातून तिची पाठ दिसायची. डांबापासून भिंतीपर्यंत ताणलेली तार आणि तिच्यावर तिचा हात. मी मुद्दाम भांडी आपटायची. तिला ऐकू जायचं नाही.

शेजारी भिंतीपलीकडे चाची राहते. शिवणकाम करते, एकटीच असते, आणि आईला आक्का म्हणते. आईच्या तब्येतीची पहिली खबर तिनंच दिली. मोबाईलवर म्हणाली, "आक्काचं त्वांड सुजलंय. पाय बी. जेवत न्हाई. तू ये." मी जाऊन आईला उचलूनच नगरला आणलं, तपासण्या केल्या. दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. आमच्याच दवाखान्यातले डॉक्टर, मला ओळखणारे, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागेल, तेही लगेच. गावात ठेवाल तर महिनाही निघेल असं वाटत नाही.

आता तुम्हीच सांगा, केडगावपासून दवाखाना हाकेच्या अंतरावर, घरात तिच्यासाठी खाट टाकलेली, जावई शब्दाबाहेर न जाणारा. पण आई परत गावाला गेली. हट्टानं गेली. मी एसटी स्टँडवर तिच्याशी भांडले, लोक बघायला लागले इतकी भांडले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मी हिकडं आल्यावर पोच आली तर? कुनाच्या हाताला लागंल ती?"

"आई, तू मरशील."

"मंग मरंन की. पर घरी मरंन."

त्या दिवशी मी तिच्यावर फार चिडले आणि बसमध्ये बसवल्यावर फार रडले. एवढ्या मोठ्या बाईला उचलून आणता येत नाही. पोलीस केस करता येत नाही. आणि दिवस तर पाण्यासारखे चाललेले. चाचीचे फोन यायचे, आज उठली न्हाई, आज उठली पर दम लागतोय, आज इकडं हाय का तिकडं हाय तेच कळंना. आणि शेवटी दरवेळी एकच वाक्य, "पर तारंला हात लावून हुबी हाय बघ."

शेवटी मी म्हटलं, मग पोचच देते. खोटी तर खोटी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला आई हवी होती. बंद पडलेली लाईन कधी कधी जिवंत असते, एक्स्चेंजमध्ये कुणीतरी काही जोडलेलं असतं, असं दवाखान्यातला वायरमन बोलता बोलता म्हणाला होता. बुडत्याला काडीचा आधार. आई ज्या वेळी धुणं घालते त्या वेळी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी गच्चीवर गेले आणि घरचा नंबर लावला. तो नंबर मला झोपेतही येतो.

रिंग गेलीच नाही. एक बाई बोलायला लागली. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, कृपया क्रमांक तपासून पाहा. मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. मी शेवटपर्यंत ऐकलं. म्हटलं कर्म माझं, खोटंसुद्धा धड बोलता येईना. पुन्हा लावला नाही. कुणाला सांगितलंही नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. खाली येऊन कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीचा फोन आला. पहिल्याच रिंगेला उचलला.

"आक्कानं पिशवी भरलीय," चाची म्हणाली. "गाडी घिऊन ये म्हनती."

"काय झालं?"

"पोच आली म्हनती."

आमच्या ह्यांना म्हटलं, काही विचारू नका, गाडी काढा. वाटेत एकच विचार. कालचा माझा फोन लागला तर नसेल? इकडे माझ्या कानात ती बाई बोलत होती, पण तिकडे तारेत काहीतरी गेलं असेल तर? मला ते तसंच असायला हवं होतं. कारण तसं नसेल तर काय, ह्याचा विचार मला करायचा नव्हता.

आई पडवीत बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल, पायाशी कापडी पिशवी. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पण मुद्रा अशी की परीक्षा संपवून घरी आलेली पोर. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"पोच कधी आली? काल दुपारी, धुणं घालताना?"

"न्हाई गं बाय. सांच्याला. धुनं काढीत हुते."

संध्याकाळी मी दवाखान्यात होते. मोबाईल ड्रॉवरमध्ये होता.

"दोन आल्या," आई म्हणाली आणि डावा हात पुढं करून कोपरापर्यंत दाखवला. "आगदी पैल्यासारक्या. मंग थांबल्या. लई येळ उबी ऱ्हायले, तिसरी न्हाई आली."

मी चाचीकडे पाहिलं. भिंतीला टेकून ती उभी होती, बोट दाताखाली. मला बाजूला ओढून म्हणाली, "मी बघितलं ना. मशीनवर बसल्ते. तिचा हात दोनदा उडाला. आसा. मला वाटलं विंचू चावला का काय. म्हनून उठले तर आक्का हसत हुती. लई वरसांनी हसलेली बघितली."

मला त्या तारेचा एवढा संताप आला की मी तिच्या मागे निघाले. खरंच सांगते, निघाले. पडवीच्या डांबापासून, अंगणावरून, कुंपणाच्या भिंतीपर्यंत. आजवर भिंतीच्या अलीकडूनच ती पाहिली होती, पलीकडे खांब आहे हे गृहीतच धरलेलं. भिंतीला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेले. रस्ता रुंद केलेला. खांब नव्हता. खांबाचं खोडसुद्धा नव्हतं, तिथे गटाराचं सिमेंट होतं. तार भिंतीपलीकडे हातभर खाली उतरून चाचीच्या शेवग्याच्या झाडाला बांधलेली होती, दोन गाठी मारून. टोकाला गंज चढलेला.

"मीच बांदली," चाची मागून म्हणाली. "रस्त्यावाल्यांनी खांब काढला तवा तार खाली पडली. आक्काचं धुनं मातीत. तिला कशाला सांगायचं म्हनून गपचिप झाडाला बांदली. लई दिस झालं की त्याला."

म्हणजे आई इतके दिवस एका शेवग्याला हात लावून उभी होती.

मी तारेला हात लावला. जिथे प्लॅस्टिक तडकलं होतं तिथे, नेमका उघड्या धातूवर. उन्हानं तापलेली होती. वारा नव्हता, शेवग्याचं पान हलत नव्हतं. मी डोळे मिटून उभी राहिले आणि मला काहीही लागलं नाही. पण मी तशीच उभी राहिले, मान जराशी वाकडी करून. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हात असा काढला की बोटाला कापलं.

गाडीत घातलं तिला. निघायच्या आधी तिनं माठ भरून ठेवायला लावला, त्यावर फुलपात्र उपडं घालायला लावलं. मी कुलूप काढलं तर म्हणाली, "कुलूप नको. कडी लाव नुस्ती." मी म्हटलं, घर उघडं टाकायचं? ती म्हणाली, पोचलेलं माणूस परतीला लागतं, परतीला लागलेल्यानं दाराशी बसून राहायचं का. चाचीनं मला डोळ्यांनी खुणावलं, कडीच लाव. मी कडीच लावली.

वाटेत मी तिला विचारलं, कुठं पोचले तात्या? मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून ती बसली होती. "मला काय ठाव," म्हणाली. "ठिकान सांगायची रीत हाय का आपल्यात." मग झोपली. मी तिच्या हाताकडे पाहत होते. झोपेत तिचा डावा हात मध्येच उडत होता. एकदा, मग परत एकदा.

डॉक्टरांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, अहो, मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात नको ते साठतं, स्नायू आपोआप उडतात. पुस्तकात लिहिलेलं आहे. मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं. चला, उलगडा झाला. आईचा हात आजारानं उडाला, तिला वाटलं पोच आली, त्या निमित्तानं ती आली. देव पावला म्हणायचं आणि पुढं जायचं. त्याच दिवशी तिचं पहिलं डायलिसिस झालं. मशीनच्या नळ्यांकडे बघत तिनं मला विचारलं, ही तार कुठं जाती?

संध्याकाळी तिला केडगावच्या घरी आणलं. खाटेवर बसवलं, पाठीशी उशी दिली, मुगाची खिचडी भरवली. ऊन खिडकीतून तिच्या पायांवर पडलं होतं. पाय थोडे उतरलेले दिसत होते, मी हात लावून लावून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते की आई वाचली. आमचे हे बाहेर गाडी धूत होते.

आई म्हणाली, "पोच दिली का घरी?"

"घरी कोण आहे आई?"

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी मी मुद्दाम वेड घेऊन पेडगावला गेले की पाहायची तसं. मी म्हटलं चला, तिचं समाधान. ती बाई बोलेल, हिला ऐकू येणार नाही, मी मान हलवीन, झालं. मी मोबाईलवर घरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून मोबाईल खाटेवर ठेवला. आईनं त्याच्यावर तळहात टेकवला, तारेवर टेकवायची तसा.

रिंग गेली.

मला वाटलं चुकीचा नंबर लावला. मी पडद्याकडे पाहिलं. नंबर आमचाच होता, एकेक आकडा. ही मोबाईलमधली आताची टुक टुक नव्हती. जुनी रिंग, लांबून येणारी, तिच्या मागे ती खरखर. बाहेर नळाचं पाणी पडत होतं. आईच्या बोटांखाली मोबाईल थरथरत होता.

दुसरी रिंग गेली.

दुसरी संपली आणि ती शांतता पडली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, कधी उभी राहिले मला माहीत नाही. माझा हात काही पुढं होईना. आणि त्या शांततेत खरखर एकदम बारीक झाली, पलीकडे कुणी हात रिसीव्हरवर ठेवल्यावर व्हायची तशी.

आईनं बोट टेकवून फोन बंद केला. अगदी वेळेवर, सवयीच्या हातानं.

"पुरं," ती म्हणाली आणि पदरानं मोबाईल पुसून माझ्या हातात दिला. "तिसरी वाजली आस्ती तर घाबरले आस्ते ते."